दहा जी घातलं आणि अकरा फ्रेम मिळाल्या: पर्वरीच्या कामाच्या नोंदी

२८ जुलै २०२५, सोमवार

गोव्यात पर्वरीला एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओचं काम आलंय. वर दोन एडिट रूम, एक साउंड रूम, आणि जिन्याखाली एक खोली जिला ते सर्व्हर रूम म्हणतात, तिथे रॅक, स्विच, नॅस (सगळ्यांच्या फायली ठेवायचं सामाईक मशीन) आणि दोन मोडक्या खुर्च्या. बाहेर धो धो पाऊस, आत भिंतीला ओल. मालकांची तक्रार एका वाक्यात: "अरे बाबा, दहा जीचं नेटवर्क घातलं, पैसे गेले, आणि फाईल ३९० च्या वर जातच नाही."

मी विचारलं, ३९० काय भाई? म्हणे एमबी. मग दहा मिनिटं बिट आणि बाइट यातच गेली. त्यांच्या डोक्यात १० जी म्हणजे सेकंदाला १० जीबी फाईल. म्हटलं हे १० गिगाबिट आहे, आठाने भागा, १.२५ जीबी राहतात आणि ते पण सगळे तुमच्या फाईलचे नसतात. चेहरा पडला त्यांचा. पण ३९० हे सव्वा जीबीच्या एक तृतीयांश पण नाही, म्हणजे तक्रार खरीच आहे.

खरी गोष्ट एडिटर ताईंनी सांगितली. त्या डीपीएक्स सिक्वेन्सवर काम करतात, म्हणजे व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेमची वेगळी फाईल, ४०९६ बाय २१६०, १० बिट, एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक फ्रेम साधारण ३५.४ एमबी. २४ फ्रेम म्हणजे सेकंदाला ८५० एमबी, नेटवर्कच्या भाषेत ६.८ गिगाबिट. "माझं ११ वर अडकतं, १२ कधीच दिसत नाही," म्हणाल्या. ३९० ला ३५.४ ने भागा, ११ च येतात. म्हणजे प्लेयरचा फ्रेम काउंटर हाच इथला सगळ्यात प्रामाणिक मीटर निघाला. दुसऱ्या रूममधल्या कलरिस्टचं म्हणणं वेगळं, "कधी बरं चालतं, कधी मध्येच झटके खातं."

घरी म्हापशाला येऊन आधी कागदावर हिशोब केला, कारण किती यायला पाहिजे हे माहीत नसताना मोजायला बसलो तर आलेल्या प्रत्येक आकड्याला मान डोलवायची पाळी येते. नेटवर्कवर डेटा पाकिटांतून जातो, त्या पाकिटालाही फ्रेमच म्हणतात (व्हिडिओची फ्रेम वेगळी), आणि एका पाकिटात जास्तीत जास्त किती मावतं तो एमटीयू. १५०० चा एमटीयू धरला तर अशा एका फ्रेममागे तारेवर १५३८ बाइट जातात: १४ हेडर, ४ चेकसम, ८ प्रिअँबल आणि १२ बाइटची मोकळी जागा. त्या १५०० मधून आयपी, टीसीपी (पत्ता आणि पोचपावती सांभाळणारे नियम) यांचे हेडर आणि टाइमस्टॅम्प वजा केले की कामाचे उरतात १४४८. १४४८ भागिले १५३८, म्हणजे ९४.१५ टक्के. तर १० जीवर उत्तम तब्येतीच्या लिंकचा आकडा ९.४१ गिगाबिट. ९.४१ आला की लिंक विषय बंद. ९.३ आला तरी मी एकदा मान वर करून बघतो.

२९ जुलै, मंगळवार

आज फाईल कॉपी करून काहीच मोजलं नाही, मुद्दाम. फाईल कॉपीमध्ये डिस्क, फाईलसिस्टिम, प्रोटोकॉल, कार्ड, केबल, स्विच सगळे एका रांगेत उभे असतात आणि दिसतो फक्त सगळ्यात हळू असलेल्याचा वेग, तो कोण ते कळत नाही. म्हणून आयपर्फ३, जे एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत डेटा ढकलतं, डिस्कचा संबंधच नाही. नॅसवर सर्व्हर लावला, एडिटच्या दोन्ही मशीनवर लिनक्स आहे म्हणून काम सोपं. ३० सेकंदांचा रन, सुरुवातीचे ३ सेकंद मोजायचे नाहीत, दोन्ही दिशांनी प्रत्येकी पाच वेळा.

मशीन एक (ताईंचं): जाताना ३.२, येताना ३.२. पाचही वेळा, जणू कोणी फूटपट्टीने आखून दिलंय.

मशीन दोन (कलरिस्टचं): जाताना ९.४१, येताना ५.८, ६.६, ४.९, ६.१, ५.२. आणि येताना रिट्रान्समिटचा, म्हणजे हरवलं म्हणून परत पाठवलेल्या पॅकेटांचा, आकडा हजारात.

म्हणजे एक तक्रार आणि दोन वेगळे आजार. माझा अनुभव असा की आकडा खालीच पण एकदम स्थिर असला तर कुठेतरी रस्ताच अरुंद असतो, आणि आकडा नाचत असला तर रस्त्यात खड्डे असतात म्हणजे पॅकेट गळतायत. उलट्या दिशेचा रन न करणारे लोक बघितलेत मी, मशीन दोनला त्यांनी ९.४१ बघून पास केलं असतं, आणि नेमकं एडिटचं सगळं काम नॅसकडून मशीनकडे येण्याच्या दिशेनेच असतं.

३० जुलै, बुधवार

सकाळी साडेदहाला लाईट गेली, साडेबाराला आली. यूपीएस दहा मिनिटं टिकतो. मधल्या वेळात पदेराकडचे उरलेले पाव आणि पातळ भाजी.

लाईट आल्यावर मशीन एक. कर्नलचा लॉग उघडला आणि तिथे सरळ लिहिलेलं, हा लॉग आधी कोणी वाचलाच नव्हता. कार्डाला ४ गिगाबिट पीसीआय (कार्ड आणि बोर्ड यांच्यातला रस्ता) बँडविड्थ उपलब्ध, कारण लिंक ५ जीटीची (सेकंदाला ५ अब्ज बिट) आणि १ लेनची, कार्डाची लायकी मात्र ८ लेन आणि ३२ गिगाबिट. जुनं इंटेलचं ८२५९९ चिपचं कार्ड आहे, दुसऱ्या पिढीच्या पीसीआयवर चालतं, त्यात एका लेनला ५ जीटी, पण ८बी/१०बी एन्कोडिंगमुळे दहातले दोन बिट त्यातच जातात आणि हातात उरतात ४ गिगाबिट. त्यातून पीसीआयच्या स्वतःच्या पॅकेटचे हेडर वजा करा, आलेच ३.२.

कॅबिनेट उघडलं तर कार्ड सगळ्यात खालच्या स्लॉटमध्ये. स्लॉट दिसायला लांबच लांब, १६ लेनचा, आत पिना मात्र एकाच लेनच्या जोडलेल्या. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण कार्ड बसवणाऱ्याला स्लॉटची लांबी दिसते, मॅन्युअल दिसत नाही. मधल्या स्लॉटला ४ लेन आहेत पण तिथे व्हिडिओ कॅप्चर कार्ड बसलंय. ताईंना विचारलं हे लागतं का, तर "ते? ते दोन वर्षांत कोणी वापरलंच नाही रे."

३१ जुलै, गुरुवार

कॅप्चर कार्ड काढलं, नेटवर्क कार्ड तिथे. ४ लेन म्हणजे १६ गिगाबिट, एका पोर्टला भरपूर. मशीन एक: ९.४१ / ९.४१. एवढंच काम. चार महिने त्या ११ फ्रेमवर एडिट करत होत्या.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मासेमारीची बंदी काल संपली. मालकांनी खुशीत जेवायला नेलं, त्यांना श्रावण नाही, मला आहे, त्यामुळे समोर किंगफिशचा तुकडा आणि माझ्या ताटात शिवराक, म्हणजे शाकाहारी. चालायचंच.

मशीन दोन. इथे फायबर आहे, अ‍ॅक्वा रंगाची ओएम३ जातीची, डक्टमधून जेमतेम ३५ मीटर. ८५० नॅनोमीटरच्या एसआर (कमी अंतराच्या) मॉड्यूलला, म्हणजे केबलच्या टोकाला उजेड देणाऱ्या-घेणाऱ्या तुकड्याला, ओएम३ वर ३०० मीटरपर्यंत परवानगी असते, त्यामुळे लांबीचा प्रश्न नाही. कार्डाचे काउंटर काढले, येणाऱ्या बाजूचे सीआरसी एरर (चेकसम न जुळलेली पॅकेट) सेकंदासेकंदाला वाढतायत. मॉड्यूल स्वतःच सांगतं किती उजेड पोचतोय: उणे ११.६ डीबीएम (उजेडाच्या ताकदीचं माप, उणे जितका मोठा तितका उजेड कमी). स्टँडर्डप्रमाणे रिसीव्हरला किमान उणे ९.९ लागतो. स्विचच्या बाजूला मात्र उणे ३ च्या आसपास, तंदुरुस्त. ड्युप्लेक्स केबलमध्ये दोन धागे, जाणारा वेगळा येणारा वेगळा, आणि फक्त येणारा आजारी. म्हणून ते एका दिशेचं नाटक.

कनेक्टर काढून स्कोपखाली धरला. गोव्याचा पावसाळा दिसला त्यात, मधोमध बुरशीसारखा डाग. कापसाने पुसायचं नाही, शर्टाने तर नाहीच (इलेक्ट्रिशियनने "सर मी पुसून देऊ?" म्हणून बनियनचं टोक पुढे केलं होतं), क्लिक करायचा क्लीनर पेन दोनदा मारला, दोन्ही टोकांना. आणि डोळ्यासमोर धरून "लाईट येते का" बघायचं तर अजिबात नाही, ८५० चा उजेड दिसत नाही पण डोळ्यात जातो.

उणे २.९. येताना ९.४१, रिट्रान्समिट शून्य.

एक गंमत लिहून ठेवतो. ज्या लिंकवर दहा हजारात एक-दोन पॅकेट गळतात ती पिंगने बघितली तर एकदम निरोगी दिसते, शंभर पिंग मारले, शंभर परत आले. टीसीपीला मात्र तेवढी गळती पुरते, प्रत्येक वेळी पॅकेट हरवलं की तो घाबरून वेग कमी करतो, परत हळूहळू चढवतो, परत हरवतं.

४ ऑगस्ट, सोमवार

दोन्ही मशीन ९.४१. ताईंनी ४० सेकंदांची क्लिप लावली, पहिल्यांदा जरा अडखळली, दुसऱ्यांदा लावली तर २४. मालकांनी लगेच चहा आणि मिरची भजी मागवली. मी पण खाल्ली.

५ ऑगस्ट, मंगळवार

भजी महागात पडली. सकाळी ताईंचा फोन, "पूर्ण रीळ लावली, १९-२० वर आलंय."

काल मीच फसलो आणि ते पण अगदी शाळकरी चुकीने. ४० सेकंद गुणिले ८५० एमबी म्हणजे ३४ जीबी, नॅसमध्ये रॅम ६४ जीबी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा डिस्कवरून आलं, दुसऱ्यांदा रॅममधून. आम्ही मोजली ती रॅम. बारा मिनिटांची रीळ ६०० जीबीच्या वर जाते, ती रॅममध्ये कुठे मावणार.

आयपर्फ परत चालवला, ९.४१. म्हणजे नेटवर्क निर्दोष, आता डिस्क. नॅसवरच बसून, नेटवर्क मध्ये न आणता, एफआयओने (डिस्कचा वेग मोजायचा प्रोग्रॅम) २०० जीबीची फाईल सलग वाचली: ७०० एमबी. आठ हार्ड डिस्क, त्यातल्या दोनांएवढी जागा पॅरिटीला (डिस्क गेली तर डेटा वाचवायला), आणि पूल, म्हणजे सगळ्यांची मिळून जागा, बराच भरलेला. ७०० ला ३५.४ ने भागलं की १९.८. फ्रेम काउंटर परत खरा.

आधी ज्यांनी नॅस बसवला त्यांनी दिलेला कागद मालकांनी काढून दाखवला, त्यावर सेकंदाला २.८ जीबी. मी म्हटलं हे आठ हार्ड डिस्कमधून येणं शक्यच नाही. कमांड बघितली तर सगळे शून्य लिहिलेले, आणि झेडएफएसवर, म्हणजे नॅसच्या फाईलसिस्टिमवर, कॉम्प्रेशन चालू. शून्यांची फाईल कॉम्प्रेस होऊन जवळजवळ नाहीशीच होते, डिस्कला काही करायचं कामच उरत नाही. कोणी मुद्दाम केलं असेल असं नाही, पण अशा आकड्यावर पैसे देणारा माणूस पुढे चार महिने नेटवर्कला शिव्या घालतो.

मालकांना हे समजावणं जड गेलं. "मग आता डिस्कला पण दहा जी पाहिजे?" हो भाई, तसंच काहीसं. साटा एसएसडी असती तरी एक एकटी साडेपाचशे एमबीला थांबते. दोन एनव्हीएमई (त्याहून खूप वेगवान एसएसडी) घ्या, चालू प्रोजेक्ट तिथे, बाकी सगळं जुन्या पूलवर.

८ ऑगस्ट, शुक्रवार

एनव्हीएमई आल्या, बसवल्या. थंड कॅशवर, म्हणजे नॅस रीस्टार्ट करून, पूर्ण रीळ. एनएफएसवरून (नॅसवरच्या फायली नेटवर्कवरून वाचायची पद्धत) सेकंदाला १.०८ जीबी. २४ फ्रेम, बारा मिनिटं, एकही गळली नाही. यावेळी भजी नाकारली.

मग मीच विचारलं की दोघांनी एकत्र लावलं तर? दोघांनी लावलं. दोघांनाही १५-१६. बरोबरच आहे, नॅसची लिंक एकच, ९.४१ चे दोन वाटे ४.७. दोघांना मिळून १३.६ गिगाबिट पाहिजे, दहाच्या नळातून तेवढं येणार नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

नॅसच्या कार्डाला दुसरा पोर्ट रिकामा आहे आणि मालकांनी कुठेतरी वाचलं की दोन लिंक जोडल्या की २० जी होतात. या जोडण्याला एलएसीपी म्हणतात. मी म्हटलं होतात पण तुमच्या मनात आहे तसे नाही. ही बसच्या दोन लेनसारखी गोष्ट आहे, एक कदंबा बस एकाच लेनमधून जाते, तिचे अर्धे प्रवासी शेजारच्या लेनमधून जात नाहीत. एक कनेक्शन कायम एकाच लिंकवर. दोन मशीन असतील तर एक-एक लिंक वाटून येईल, आलीच तर.

केलं. आणि आली नाही. दोघांना परत ४.७.

नॅसकडून बाहेर जाणारं पॅकेट कुठल्या लिंकवर घालायचं हे नॅस ठरवतो, स्विच नाही, आणि लिनक्समध्ये मूळ सेटिंग मॅक पत्त्यावरून, म्हणजे कार्डावर कोरलेल्या नंबरावरून. पत्त्याचे शेवटचे आकडे घेऊन दोनाने भागायचं, बाकी शून्य तर पहिली, एक तर दुसरी लिंक. दोन्ही मशीनची कार्डं एकाच जातीची, दोन्हीचा पहिला पोर्ट वापरलेला, दोन्ही पत्ते समसंख्येत संपणारे. दोघं एकाच लिंकवर, दुसरी लिंक माश्या मारतेय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सेटिंग बदलून आयपी पत्ता आणि कनेक्शनच्या पोर्ट नंबरवर केलं. आता दहा वेळा जोडलं की साधारण निम्म्या वेळा वेगळ्या लिंक मिळतात. म्हणजे ताईंनी सकाळी मशीन चालू केलं की नाणं उडवायचं, छापा आला तर २४ फ्रेम. असलं नेटवर्क मी देऊन जाणार नाही, उद्या नाव माझंच निघेल.

स्विचला पुढे चार पोर्ट २५ जीचे आहेत, एसएफपी२८, रिकामे. नॅसला २५ चं कार्ड आणि ३ मीटरची डीएसी (दोन्ही टोकांना मॉड्यूल असलेली तयार तांब्याची केबल) घ्या म्हटलं. १३.६ साठी २५ ची एक सरळ लिंक, नशिबाचा खेळ नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कार्ड यायचंय, तोवर साउंड रूम. इथे विंडोज, तांब्याची केबल, भिंतीतली कॅट ६, मापली तर ४० मीटर. कॅट ६ वर १० जी ५५ मीटरपर्यंत चालतं, १०० साठी ६ए लागते, त्यामुळे ठीक. आयपर्फ३ ने ४.८ दाखवले. दोन तास केबल तपासली, टोकं परत पंच केली, काही फरक नाही. मग आठवलं की आयपर्फ३ विंडोजवर मुळात नीट बसतच नाही, मायक्रोसॉफ्टवाले स्वतः म्हणतात एनटीटीटीसीपी (त्यांचा मोजायचा प्रोग्रॅम) वापरा. वापरलं. ९.३.

केबल बरी होती, थर्मामीटर बिघडलेला होता. दोन तासांचं बिल लावलं नाही.

स्विचच्या बाजूचं तांब्याचं मॉड्यूल मात्र हाताला चटका देतं, त्याच्या शेजारचा पोर्ट रिकामा ठेवला.

१८ ऑगस्ट, सोमवार

२५ चं कार्ड बसलं, डीएसी लावली, लिंक नाही. दिवा नाही. केबल उलटी करून लावली, दुसरा पोर्ट, दुसरी केबल, काही नाही. पावणेदोन तास.

कारण निघालं एफईसी, म्हणजे चुका आपोआप दुरुस्त करायची पद्धत. २५ जीच्या वेगाला तारेवर चुका होणार हे धरूनच चालतात आणि प्रत्येक गटाबरोबर दुरुस्तीचे जादा बिट पाठवतात, पण दोन्ही टोकांनी एकच पद्धत वापरायला पाहिजे. स्विच त्यातली आरएस नावाची पद्धत धरून बसलेला, कार्ड ऑटोवर होतं पण त्याचं ऑटो भलतीकडेच गेलं. १० जीच्या डीएसीला ही भानगड कधी लागलीच नव्हती म्हणून डोक्यात आलं नाही. इथटूल या कमांडने कार्डाला हाताने आरएस सांगितलं, त्याच क्षणी दिवा हिरवा.

२० ऑगस्ट, बुधवार

२५ जी मोजायचं तर समोर पण २५ चं काहीतरी पाहिजे. दोन्ही एडिट मशीन मिळून १८.८ च भरतात. मित्राकडून एक जुना सर्व्हर आणि कार्ड उसनं आणलं, पावसात, प्लास्टिकच्या दोन पिशव्या घालून.

पहिला रन: १७. आठ स्ट्रीम (एकाच वेळी आठ कनेक्शन) लावले: १७. सोळा: १७ च्या पण खाली. आकडा स्थिर, म्हणजे परत अरुंद रस्ता, म्हणून आधी पीसीआय बघितलं: तिसरी पिढी, ८ लेन, ६३ गिगाबिट, तिथे भरपूर. मग सीपीयू बघितला तर आठ कोअरपैकी एक १०० टक्क्यावर, बाकी सात झोपलेले. उसन्या सर्व्हरवर आयपर्फची ३.९ आवृत्ती. ३.१६ आवृत्तीच्या आधी हा प्रोग्रॅम कितीही स्ट्रीम मागितले तरी सगळे एकाच थ्रेडमध्ये चालवायचा, म्हणजे आठ नळ काढले तरी बादली भरणारा माणूस एकच. १० जीवर तो एकटा पुरतो म्हणून आजवर कळलं नव्हतं.

आयपर्फ वेगवेगळा चार वेळा चालवला, चार वेगळे पोर्ट नंबर, ५२०१ ते ५२०४, चारांची बेरीज: २३.५. पंचवीसचे ९४.१५ टक्के काढा, २३.५४. मग नवीन आवृत्ती टाकून चार स्ट्रीम, तेच २३.५.

मालक मागे उभे होते. "म्हणजे सकाळी १७ आणि दुपारी २३, आणि बदललं काय?" काहीच नाही भाई, मोजणाराच कमी पडत होता. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर म्हापशाच्या बाजारात तराजू बघतात ती.

संध्याकाळी खरं काम: दोन्ही रूममध्ये एकाच वेळी पूर्ण रीळ. २४ आणि २४.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

कलरिस्टने विचारलं जंबो फ्रेम (नेटवर्कची मोठी पाकिटं) का नाही लावल्या, सगळे लावतात. ठीक आहे, लावून बघू. ९००० चा एमटीयू, तारेवर ९०३८, कामाचे ८९४८, म्हणजे ९९ टक्के. १० जीवर ९.९०, २५ वर २४.७. कागदावर आलं तेवढंच मशीनवर आलं, आणि सीपीयू बराच हलका झाला, ते खरं.

मग अर्ध्या तासात साउंड रूममधून हाक, फोल्डर उघडतंय पण फाईल लटकते. त्या मशीनकडे जाणाऱ्या स्विच पोर्टचा एमटीयू १५०० च राहिलेला आणि मी आयपर्फच्या नादात नॅस आणि मशीन बदलून मोकळा झालो. पिंग चालतो कारण पिंग छोटा असतो. शोधायचं तर पिंगच मोठा करून, तुकडे करायचे नाहीत असं सांगून पाठवायचा, ८९७२ बाइट, आयपी आणि आयसीएमपीचे २८ धरून बरोबर ९०००. गेला तर वाट मोकळी.

माझं मत: ५ टक्क्यांसाठी या बिल्डिंगमध्ये जंबो नको. उद्या कोणी मध्येच छोटा स्विच लावणार, वायफायचा बॉक्स लावणार, आणि लटकणाऱ्या फायलींचा फोन मला येणार. परत १५०० वर आणलं. कलरिस्ट जरा नाराज. त्याला म्हटलं फ्रेम काउंटर बघ, २४ चे २५ होणारेत का?

स्विचच्या ब्रोशरवर एका १० जी पोर्टला सेकंदाला १.४८८ कोटी पॅकेट लिहिलंय तो आकडा खरा असतो, पण तो ६४ बाइटच्या फ्रेमचा, तारेवर ८४ बाइट, म्हणजे दर ६७.२ नॅनोसेकंदाला एक. एडिटच्या मोठ्या पॅकेटांना सेकंदाला आठ लाख बारा हजार पुरतात. १९९९ च्या आरएफसी २५४४ मध्ये (नेटवर्कची यंत्रं कशी मोजायची ते सांगणारा दस्तऐवज) ६४ पासून १५१८ पर्यंत प्रत्येक मापाने मोजायला सांगितलंय ते यासाठीच, राउटर-फायरवॉल घेणाऱ्याने छोटं माप बघावं. इथे त्याची गरज नाही.

जाता जाता मुंबईची लाईन. १ जीची लीज्ड लाईन, क्लायंटला फायली पाठवताना ३०० मेगाबिटच्या वर जात नाही. मालक म्हणे कंपनीला फोन लावतो. थांबा म्हटलं. इथून तिथे जाऊन परत यायला १४ मिलिसेकंद, पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर ५१२ केबीवर बांधून ठेवलेला. तेवढा डेटा पाठवायचा आणि पोचपावतीची वाट बघत बसायचं, १४ मिलिसेकंदाला ५१२ केबी म्हणजे बरोबर ३०० मेगाबिट. लाईन भरायला १.७५ एमबी तरी रस्त्यात पाहिजेत. बफर ४ एमबी केला, ९०० च्या वर गेलं. स्टुडिओच्या आत जाऊन-येऊन ०.२ मिलिसेकंद सुद्धा लागत नाही म्हणून तिथे हा बफर कोणाला टोचलाच नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल रात्री दहा तासांचा रन लावून गेलो होतो, नॅसकडून दोन्ही मशीनना एकत्र. सकाळी बघितलं: ९.४१ आणि ९.४१, मिळून साधारण ८५ टेराबाइट हलले. सीआरसी एरर दोन्हीकडे शून्य. १० जीचं स्टँडर्ड १० चा १२ वा घात एवढ्या बिटमागे एक चूक चालवून घेतं, म्हणजे दहा तासांत प्रत्येक लिंकला ३६० चुका माफ होत्या, एकही वापरली नाही. रात्री पाऊस होता पण लाईट गेली नाही, हे गोव्यात ऑगस्टमध्ये वेगळं लिहून ठेवण्यासारखं.

एक कागद छापून रॅकच्या दाराला चिकटवला: कुठल्या दोन टोकांमध्ये, कुठल्या दिशेने, कुठल्या प्रोग्रॅमच्या कुठल्या आवृत्तीने, किती स्ट्रीम, एमटीयू किती, आकडा किती, आणि चारही फायबर टोकांचा उजेड. पुढच्या वर्षी पावसाळ्यात कोणी उणे ३ चा उणे ८ बघितला तर ११ फ्रेमपर्यंत वाट बघायला नको. जिन्याखालच्या खोलीत डीह्युमिडिफायर लावायला सांगितलंय, मालक "चवथीनंतर", म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, म्हणाले. इथे सगळंच चवथीनंतर असतं.

हिशोब दिला. उद्यापासून सुट्टी.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सुट्टी नाही. सकाळी म्हापसा बाजारात माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं) सामान घेत होतो, एका हातात सुपारीचा घड, दुसऱ्यात तोरिंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), खिशात फोन वाजतोय. ताई. "अरे लाईट गेली होती, आली, आता नॅसच दिसत नाही. दोन्ही रूमला नाही."

दिवा आहे का बघा म्हटलं, २५ च्या पोर्टवर. नाही.

अठरा तारखेला एफईसीची कमांड मी टर्मिनलमध्ये मारली, दिवा हिरवा झाला, आनंद झाला, आणि ती कुठल्याही फाईलमध्ये लिहिलीच नाही. मशीन बंद होऊन चालू झालं की कार्ड परत आपल्या ऑटोवर. दहा तासांचा रन घेतला, ८५ टेराबाइट मोजले, एकदा रीबूट करून बघायचं सुचलं नाही. पाचला डिस्कसाठी शिकलो होतो ते लिंकसाठी विसरलो.

बाजाराच्या कलकलाटात ताईंना नॅसच्या कन्सोलवर कमांड अक्षर अक्षर सांगितली, "इ, टी, एच... नाही, एच, हत्तीचा ह", मागे नारळवाला ओरडतोय. तिसऱ्यांदा बरोबर टाइप झाली. "आला, हिरवा आला." मग अर्धा तास माटोळीचं सामान स्कूटरवर तसंच ठेवून, चहाच्या टपरीवर लॅपटॉप उघडून, रिमोटने आत जाऊन बूटला चालेल अशी सर्व्हिस लिहिली. ताईंना म्हटलं आता नॅस बंद करून चालू करा. परत करा. तिसऱ्यांदा पण करा.

तिन्ही वेळा वर आलं, २३.५. रॅकवरच्या कागदाच्या खाली पेनाने एक ओळ लिहायला सांगितली ताईंना: रीबूट तीनदा, २६/८. आज तय (तृतीया), उद्या चवथ, आणि माझं तोरिंग त्या गर्दीत कोणीतरी उचललं.